अर्धवट शिकलेला पोरगा, शिक्षा भोगलेले दरोडेखोर आणि ३२ एकर निवडुंग : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपली पहिली टीम अशी उभी केली

स्टार्टअप सुरू करणाऱ्या कुणालाही विचारा, पैशांच्या खालोखाल सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती? उत्तर हमखास येतं, माणसं. मोठ्या कंपनीतली बरी नोकरी सोडून अनुभवी माणूस आपल्याकडे का येईल? पगार फार देता येत नाही, नाव कुणाला माहीत नाही आणि वर्षभराने कंपनी असेल की नाही याचाही भरवसा नाही. बरं, हे पहिले दहा-बारा लोक चुकले तर पुढे कितीही फंडिंग येऊ दे, गाडा रुतलेलाच राहतो.

आता हाच प्रश्न शंभरएक वर्षं मागे न्या.

साल १९१०. जागा आजच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलजवळची. एक लहानसं रेल्वे स्टेशन आणि त्याला लागून ३२ एकर उजाड माळ. सगळीकडे निवडुंग माजलेला आणि त्या निवडुंगात नाग. दवाखाना नाही, शाळा नाही, बाजार नाही. अशा ठिकाणी एक माणूस कारखाना काढायला निघाला होता. वय चाळीस. आधीचा कारखाना नुकताच हलवावा लागलेला. हातात उसने पैसे. आणि बनवायचं काय, तर लोखंडी नांगर, जो घ्यायला शेतकरी सहजासहजी तयार नव्हते.

या माणसाचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. लोक त्यांना आद्याक्षरांवरून लकाकि म्हणायचे. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतला लकाकी रोड त्यांच्याच नावाची आठवण ठेवून आहे.

किर्लोस्करांची पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पंप, इंजिनं, मोटारी, परदेशात गेलेला माल. पण हे सगळं व्हायच्या आधी, जेव्हा दाखवायला काहीच नव्हतं, तेव्हा या माळावर राहायला कोण आलं? आणि लक्ष्मणरावांनी त्यांना कसं निवडलं?

त्यासाठी आधी एक गोष्ट बघावी लागते. स्वतः लक्ष्मणरावांना कुणी आणि का नाकारलं होतं.

रंग ओळखता न येणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचं मात्र शाळेच्या अभ्यासात फारसं मन रमायचं नाही. त्यांना दोन गोष्टींचं वेड होतं, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं.

पांढरपेशा घरातल्या मुलाने शिकावं आणि सरकारी नोकरी धरावी, हा त्या काळचा सरळ हिशोब. वडिलांना मुलाचा हा नाद पसंत नव्हता. पण मोठे भाऊ पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षं गेली आणि एक विचित्र अडचण समोर आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

पण हात चांगला होता, रेषा पक्की होती. रंग लागत नाहीत अशी एक चित्रकला असते, ती म्हणजे यंत्राची रेखाचित्रं. लक्ष्मणरावांनी यंत्राचं ड्रॉइंग शिकून घेतलं आणि त्यांना मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळाली. वर्गात शिकवायचं आणि उरलेला वेळ वर्कशॉपमध्ये काढायचा. तेलाचे हात करून घेत लक्ष्मणराव यंत्रं शिकले ते इथेच.

मग बढतीची वेळ आली. काम येत होतं, अनुभव होता, हक्क होता. पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्या काळात असं होणं नवं नव्हतं. कामापेक्षा कातडीचा रंग आधी बघितला जायचा. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

एक माणूस काय करू शकतो हे न बघता, तो कोण आहे हे बघून ठरवलं की काय होतं, याचा धडा त्यांना फुकट मिळाला होता. पुढे माणसं निवडताना हा धडा कसा कामाला आला, ते बघू.

पहिली नेमणूक घरातलीच

लक्ष्मणराव बेळगावला रिकाम्या हाताने आले नव्हते. मुंबईत नोकरी चालू असतानाच त्यांनी एक जोडधंदा सुरू केला होता, आजच्या भाषेत साइड हसल.

त्यांना सायकल दिसली होती. तेव्हा सायकल ही साहेब लोकांची आणि पैसेवाल्यांची चीज. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले आणि १८८८ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने बेळगावात दुकान निघालं. किर्लोस्कर ब्रदर्स आजही आपला जन्म याच सालचा मानते. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना जायची आणि चालवायला शिकवायचे वेगळे पंधरा रुपये.

लक्ष्मणराव मुंबईत, मग बेळगावात दुकान कोण सांभाळायचं? थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि पाठवायचे, रामुअण्णा बेळगावात विकायचे आणि शिकवायचे.

भाऊच तो, त्याला काय निवडायचं, असं कुणी म्हणेल. पण या जोडीत एक मोठी गोष्ट होती. रामुअण्णा इंजिनीअर नव्हते आणि लक्ष्मणरावांना तशी गरजही नव्हती. यंत्राचं डोकं एक होतं, ते पुरेसं होतं. कमी होता तो व्यवहार बघणारा, माणसं सांभाळणारा, रोजचा गाडा हाकणारा माणूस. आपल्यासारखाच दुसरा माणूस शोधत बसण्याऐवजी, आपल्यात जे नाही ते ज्याच्यात आहे तो माणूस लक्ष्मणरावांनी धरला. पहिल्या पार्टनरच्या बाबतीत आजही अनेक फाउंडर इथेच चुकतात. दोन कोडर एकत्र येतात, दोघेही रात्रंदिवस प्रॉडक्ट बनवतात आणि विकायला कुणीच नसतं.

दोन वर्षं न विकलेला नांगर

नोकरी सोडून लक्ष्मणराव पूर्णवेळ बेळगावात आले. आधी दुसऱ्यांच्या पवनचक्क्या विकल्या. मग कडबा कापायचं यंत्र स्वतः बनवलं. आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगर चांगला होता, पण शेतकरी हात लावेना. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनतं, असा समज होता. पिढ्यानपिढ्या लाकडी नांगर चालत आलेला. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं माल पडून राहिला तर लहान कारखान्यात काय होतं, याचा अंदाज कुणालाही करता येईल. अशा वेळी जे कारागीर टिकतात त्यांना मालकाच्या डोक्यातली गोष्ट पटलेली असते, आणि त्यांनी मालकाला स्वतः भट्टीपाशी राबताना पाहिलेलं असतं.

नांगर हळूहळू खपायला लागला आणि तेवढ्यात दुसरा दणका बसला. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी जागा हवी होती, आणि त्यात किर्लोस्करांची जागा होती. कारखाना हलवा, असं सांगण्यात आलं. जवळ दुसरी जागा नाही आणि ती घ्यायला पैसेही नाहीत.

मदतीला आले औंधचे राजे, भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते १९०९ मध्ये गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, कलेची जाण असलेला माणूस. लक्ष्मणरावांनी औंधमध्ये बांधकामाचं काम केलं होतं, त्यामुळे त्यांचा हात कसा आहे हे राजांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं, संस्थानात हवी ती जागा निवडा. वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही बिनव्याजी.

औंध संस्थान एकसलग नव्हतं. त्याचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले होते. राजधानी औंध साताऱ्याकडे, तर कुंडलचा भाग बराच दक्षिणेला. लक्ष्मणरावांनी राजधानीजवळची सोयीची जागा मागितली नाही. त्यांनी कुंडल रोड स्टेशनला लागून असलेला माळ निवडला. जमीन वाईट होती, पण शेजारून पुणे-मिरज रेल्वे जात होती. कच्चं लोखंड आणि कोळसा आत येणार, नांगर बाहेर जाणार. कारखान्याला लागणारी ही एक गोष्ट तिथे होती. बाकी काहीच नव्हतं.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस.

पगाराआधी घर

जागा मिळाली, पण तिथे येणार कोण? शहरातला कारागीर विचारणार, राहायचं कुठे, पोरं शिकणार कुठे, कुणी आजारी पडलं तर काय?

लक्ष्मणरावांना हे आधीच दिसलं होतं. म्हणून त्यांनी नुसता कारखाना नाही, गाव वसवायचं ठरवलं. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं यांना घेऊन सुरुवात झाली. निवडुंग तोडला, साप मारले, जमीन सपाट केली. शेड आणि घरं सोबतच उभी राहिली. कारखान्याच्या मालकीचं, कामगारांसाठी वसवलेलं गाव ही कल्पना तेव्हा भारतात नवीच होती. जमशेदपूरची तयारी साधारण याच काळातली, पण तिथे टाटांचं भांडवल होतं. इथे होते उसने दहा हजार.

आजच्या भाषेत सांगायचं तर लक्ष्मणराव पगाराच्या आकड्यावर मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करू शकत नव्हते. मग त्यांनी असं काहीतरी द्यायचं ठरवलं जे मोठ्या शहरातल्या गिरणीत मिळत नव्हतं. तिथे कामगाराच्या वाट्याला चाळीतली एक खोली यायची. इथे बायकापोरांसकट एक गाव मिळत होतं, जे स्वतःच्या हाताने उभं केलेलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वागणूक. लक्ष्मणरावांना शिवाशीव मान्य नव्हती आणि किर्लोस्करवाडीत ती चालू द्यायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. १९१० च्या महाराष्ट्रात, जिथे एका विहिरीचं पाणी सगळ्यांना मिळत नव्हतं, तिथे हा नियम साधा नव्हता.

मग टीममध्ये होतं तरी कोण?

रामुअण्णा अर्थातच होते. आता दुकान नव्हतं, अख्खी वसाहत होती. कुठे रस्ता, कुठे घरं, कोणाला काय हवं नको, हे सगळं त्यांच्याकडे. कुठल्याही कॉलेजात न शिकलेला हा माणूस किर्लोस्करवाडीचा मॅनेजरही झाला आणि टाउन प्लॅनरही.

शंभोराव जांभेकर इंजिनीअर म्हणून आले. पण यंत्राच्या दुरुस्तीवर काम संपत नव्हतं. वाडीत डॉक्टर नाही, मग आजारपणातही तेच धावून जायचे. यंत्र बिघडलं तरी जांभेकर आणि माणूस बिघडला तरी जांभेकर.

मंगेशराव रेगे यांच्याकडे कारकुनी आणि हिशोब. पैसे कमी असलेल्या कंपनीत हिशोबनिसाचं काम किती महत्त्वाचं असतं हे वेगळं सांगायला नको. कोणाची बिलं आधी चुकवायची, कोणाची थोडी थांबवायची, यावर कारखाना तरतो किंवा बुडतो.

के. के. कुलकर्णी यांचा हुद्दा नावाला मॅनेजरचा, पण काम म्हणाल तर पडेल ते. शेतकरी अडचण घेऊन आला की कुलकर्णी, सरकारी अधिकारी तपासणीला आला की कुलकर्णी. आजच्या स्टार्टअपमध्ये ऑपरेशन्स नावाखाली सगळं करणारा एक माणूस असतो, तो हाच.

आणि अनंतराव फळणीकर. हा शिक्षण अर्धवट सुटलेला मुलगा. परीक्षेच्या जगात त्याची किंमत शून्य. पण डोक्यात कल्पना भरपूर आणि हातात कसब. लक्ष्मणरावांनी त्याला कामाला लावलं आणि पुढे तो किर्लोस्करवाडीचा कल्पक इंजिनीअर म्हणून ओळखला गेला.

ही यादी नीट बघितली तर एक गोष्ट लक्षात येते. यातला एकही माणूस असा नाही की ज्याच्या मागे मोठमोठ्या कंपन्या लागल्या होत्या. जगाने ज्यांची किंमत आधीच ठरवून टाकली होती ते लोक लक्ष्मणरावांना परवडणारे नव्हतेच. म्हणून जगाने ज्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं अशी माणसं त्यांनी शोधली. त्यासाठी प्रमाणपत्र न बघता माणसाचं काम बघायची नजर लागते. बढती नाकारल्या गेलेल्या माणसाकडे ती नजर होती.

शिवाय प्रत्येकाला दिलेलं काम त्याच्या आधीच्या लायकीपेक्षा मोठं होतं. कारकुनाला कारकुनीच आणि इंजिनीअरला इंजिनिअरिंगच, असं नव्हतं. एकेका माणसाकडे अख्खं खातं. कमी पैशात चांगली माणसं टिकवायची असतील तर हे एक मोठं आकर्षण असतं. दुसरीकडे वीस वर्षांनी मिळाली असती ती जबाबदारी इथे पहिल्याच दिवशी मिळत होती.

राखणीला कोण? शिक्षा भोगलेले दरोडेखोर

आता या टीममधली सगळ्यात धाडसी नेमणूक.

माळावर कारखाना. आसपास वस्ती विरळ. यंत्रं, लोखंड, पगाराची रोकड, बायकामुलं, सगळं उघड्यावर. रात्री राखण कोण करणार?

लक्ष्मणरावांनी राखणीवर दोन माणसं नेमली. त्यांची नावं नोंदलेली आहेत ती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग अशी. आडनावाच्या जागी जात. त्या काळच्या जगाने या दोघांकडे कसं बघितलं, ते त्यांच्या नावातच आहे. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले होते.

इंग्रजांच्या राज्यात १८७१ पासून एक कायदा होता, जो काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायचा. गुन्हा केला नाही तरी संशय पाठ सोडायचा नाही. मग प्रत्यक्ष तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला काम कोण देणार? सुटून आलेल्या माणसापुढे दारं बंद आणि परत जुन्या वाटेला लागणंच सोपं.

दुसऱ्या बाजूने विचार केला तर रामोशी समाजाचं जुनं काम गावाची आणि गडाची राखण हेच होतं. अंधारात वावरायची सवय, परिसराची माहिती, अंगात धाडस. या गुणांनी माणूस दरोडेखोर होऊ शकतो आणि उत्तम पहारेकरीही. काय होणार ते त्याला कुठे उभं केलं जातं यावर ठरतं. लक्ष्मणरावांनी त्यांना तिजोरीच्या बाहेरच्या बाजूला, पाठ तिजोरीकडे करून उभं केलं.

यात धोका होता आणि तो फक्त लक्ष्मणरावांचा नव्हता. वाडीत पंचवीस कुटुंबं झोपत होती. मालकाचा अंदाज चुकला असता तर किंमत त्यांनी मोजली असती. पण दोघांनी विश्वास राखला आणि किर्लोस्करवाडीचे पहारेकरी म्हणून त्यांची नावं वाडीच्या इतिहासात थेट मालकांच्या सोबत घेतली जातात.

याच औंध संस्थानात पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करून राहायचं. व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथ या सिनेमामागे याच वसाहतीची प्रेरणा होती. कुंडलच्या माळावरची नेमणूक त्याच्या कितीतरी वर्षं आधीची.

कारागीर मिळत नाहीत, मग घडवा

मॅनेजर आणि पहारेकरी झाले, पण नांगर बनवायचा कोणी?

लोखंडी नांगर म्हणजे ओतकाम. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा. तो वाळूत दाबून साचा तयार करायचा. भट्टीत लोखंड वितळवून साच्यात ओतायचं. थंड झालं की बाहेर काढून घासायचं आणि मग जुळणी. वाळूत ओल जास्त झाली तर वाफ अडकून ओतीव भागाला छिद्रं पडतात. लोखंड पुरेसं तापलं नाही तर साचा पूर्ण भरत नाही. फाळ मऊ निघाला तर झिजतो, कडक निघाला तर दगडाला लागून तुटतो. आणि शेतकऱ्याच्या हातात पहिलाच नांगर तुटला तर त्या गावात दुसरा कधी विकला जाणार नाही.

हे काम येणारे लोक कुंडलच्या आसपास मिळणं शक्यच नव्हतं. पण सुतार होते, लोहार होते, शेतकऱ्यांची पोरं होती. लाकूड अचूक तासणारा सुतार नमुना करायला शिकू शकतो. लोखंडाचा रंग बघून ते किती तापलंय हे ओळखणारा लोहार भट्टीवर उभा राहू शकतो. लक्ष्मणराव स्वतः शिक्षक होते आणि ही त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू ठरली. व्हीजेटीआयमध्ये फळ्यावर जे शिकवायचे ते आता भट्टीपाशी शिकवू लागले.

रेडीमेड कौशल्य विकत घेता येत नसेल तर शिकवणं हाच भरतीचा भाग होतो. वेळ लागतो, माल वाया जातो, चुका होतात. पण असा शिकलेला माणूस त्या कामात मुरतो.

पहिल्या महायुद्धात कस लागला

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर येणं बंद झालं आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याचबरोबर लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दारात आणि कच्चा माल नाही, अशी अवस्था.

आता ठरलेल्या चौकटीत काम करणारी टीम असती तर हात वर केले असते. इथे सगळ्यांनाच पडेल ते करायची सवय. दगडी कोळसा नाही तर लाकडाचा कोळसा वापरून बघितला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून नांगर केले. कारखाना बंद पडला नाही.

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर नावाचं मासिक सुरू झालं. ते काढणारे शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. कारखान्याची माहिती द्यायला निघालेलं हे मासिक पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं आणि त्याच घरातून नंतर स्त्री आणि मनोहर ही मासिकंही निघाली. एका नांगराच्या कारखान्यात संपादक कसा काय, असा प्रश्न पडू शकतो. पण ज्या माळावर इंजिनीअर औषध देत होता, तिथे हे त्याच रीतीला धरून होतं.

दुसरी बाजूही आहे

ही गोष्ट फक्त गोड करून सांगितली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल.

कंपनीचं गाव म्हणजे घरही मालकाचं आणि नोकरीही मालकाची. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं. भांडण कारखान्यात झालं तरी त्याची झळ घरापर्यंत. मालक चांगला असेल तोवर हे कुटुंबासारखं वाटतं, पण ते सगळं एका माणसाच्या चांगुलपणावर उभं असतं. आज एखादा फाउंडर आमची कंपनी म्हणजे फॅमिली आहे असं सांगतो तेव्हा जी शंका मनात येते, ती तेव्हाही लागू होती.

शिवाय पहिली टीम कितीही निष्ठावान असली तरी ती कायम पुरत नाही. नांगर आणि कडबा कापायचं यंत्र अनुभवावर बनवता येत होतं. पण पंप, इंजिनं, मशीन टूल्स बनवायची तर शास्त्रीय शिक्षण लागणार होतं. हे लक्ष्मणरावांनी वेळेत ओळखलं. मुलगा शंतनुराव यांना त्यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत शिकायला पाठवलं आणि ते १९२६ मध्ये परत येऊन कामाला लागले. डिग्रीशिवाय मोठी झालेली कंपनी डिग्रीचा तिरस्कार करत बसली नाही. सुरुवातीला जे नव्हतं ते पुढे परवडायला लागल्यावर घेतलं, आणि तेही पहिल्या लोकांना अडगळीत न टाकता.

पुढे १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरूला इलेक्ट्रिक मोटारींचा. शंतनुरावांनी नंतर इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव कॅक्टस अँड रोझेस. निवडुंग आणि गुलाब.

मग यातून घ्यायचं काय?

आज कुणी लक्ष्मणरावांची नक्कल करून गाव वसवायला जाणार नाही. पण पाच-सात जणांच्या कंपनीत आठवा माणूस घेताना त्यांच्या पद्धतीतल्या काही गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

आपल्यात काय कमी आहे ते आधी ओळखायचं आणि त्यासाठी माणूस शोधायचा, आपली दुसरी कॉपी शोधत बसायचं नाही. ज्याच्या मागे सगळे लागलेत त्याच्या मागे आपणही न लागता, ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्याचं काम बघायचं. पगार कमी असेल तर जबाबदारी मोठी द्यायची, आणि ती खरी द्यायची, फक्त हुद्द्यात नाही. ज्या अडचणीमुळे माणूस येणार नाही, ती अडचण नोकरीचाच भाग समजून सोडवायची. आणि एकदा विश्वास टाकला की तिजोरीच्या दारात उभं करण्याइतका टाकायचा.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. कारण तिथे अंदाज चुकू शकतो आणि तो चुकला तर किंमत सगळ्यांना मोजावी लागते. लक्ष्मणरावांचा अंदाज चुकला नाही, यात त्यांची नजर होती तशी त्या दोन पहारेकऱ्यांची इमानदारीही होती. श्रेय देताना दुसरी गोष्ट विसरून चालत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झालं. ज्या स्टेशनवर पहिली कुटुंबं उतरली तेव्हा त्याचं नाव कुंडल रोड होतं. आज पुणे-मिरज मार्गावर त्या स्टेशनच्या पाटीवर नाव आहे किर्लोस्करवाडी.